वाळूपलीकडचे मासे

"ओता ना इथेच धक्क्यावरून! पाण्यातले पाण्यात गेले, विषय संपला," मॅनेजर चिउमे फोन खिशात टाकत म्हणाला.

परदेशातल्या गिऱ्हाइकाने ऐन वेळी नको म्हटलं होतं. आमच्या ह्यांनी धरून आणलेले शोभेचे निळे मासे पिंपात गोल गोल फिरत होते आणि हे पिंपाला धरून उभे होते. धरल्याशिवाय उभं राहवत नाही आता. हवेची नळी तोंडात धरून सरोवराच्या तळाशी जन्म काढला, त्यात गुडघे गेले, डावा कान गेला. आज कामाचा शेवटचा दिवस. मी त्यांना घरी न्यायला आले होते.

"धक्क्यावर नाही. हे तिकडच्या जोडकातळाचे आहेत," हे म्हणाले.

"मामा, मासा तो मासा. त्याला काय गावकी असते?"

"असते."

झालं! चिउमे हसत निघून गेला आणि हे माझ्याकडे बघायला लागले. ती नजर मी ओळखते. आमच्या मुलाच्या, लुसुंगूच्या, जन्माच्या आधीपासून ओळखते.

"अजिबात नाही," मी म्हटलं. "आज रविवार आहे. पोराचा जोहान्सबर्गहून फोन येणार. तिकडे कातळावर रेंज नसते. महिनाभर वाट बघतेय मी नातवाचा आवाज ऐकायला."

"मग तू थांब. मी जातो."

"जा की! आणि बुडालात की कुणी काढायचं, चिउमेने?"

शेवटी वल्हं माझ्याच हातात आलं. कंबर तर माझी लोखंडाचीच आहे ना! घरी उसिपाची बारकी मासळी वाळत घातली होती, ती कावळ्यांनी संपवली असणार. मी मनातल्या मनात ह्यांच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करत वल्हवत राहिले.

अर्ध्या वाटेवर खाली पांढरी वाळू दिसायला लागली.

"ही वाळू ते ओलांडत नाहीत," हे म्हणाले. "आसरा नाही ना. मोठे मासे गिळतात. पूर्वी कधीतरी पाणी उतरलं, एका कातळाचे दोन झाले. इकडचे इकडे राहिले, तिकडचे तिकडे. पिढ्यांवर पिढ्या गेल्या. इकडचे पिवळे झाले, तिकडचे निळे. आता एकमेकांकडे ढुंकून बघत नाहीत."

"आणि धक्क्यावर ओतलेले?"

"तिथे गढूळ पाणी. मादीला नराचा रंगच दिसत नाही, मग कुणीही कुणाशीही. बघ ना तिथले, मातकट. ना इकडचे ना तिकडचे."

माझं वल्हं थांबलं. आमच्या वस्तीतल्या बायका माझ्या नातवाबद्दल हेच म्हणतात. त्याची आई तिकडची. आमच्या भाषेतला एक शब्द त्याला येत नाही.

ह्यांना कळलं असावं. "वाईट नसतात ग ते," हळूच म्हणाले. "जगले तर त्यांचीही एक जात होईल. पण त्यासाठी ह्या निळ्यांची का मोडायची?"

मी नाक ओढलं आणि वल्हवायला लागले.

जोडकातळाशी ह्यांनी मासे टोपलीत घेतले. वरून ओतले तर मोठे मासे टपलेलेच असतात, म्हणून टोपली दोराने तळापर्यंत सोडायची. एक मादी त्यांनी ओंजळीत धरून दाखवली. गाल फुगलेले.

"तोंडात पिलं आहेत हिच्या. ती सुटी होईपर्यंत घास खात नाही."

"मला शिकवता?" मी म्हटलं.

हसले. दोर सैल पडला तसं त्यांनी दुसऱ्या दोराने टोपली उलटी केली आणि वाकून बघत बसले. पूर्वी स्वतः खाली जाऊन सोडायचे. टोपली रिकामी वर आली, तरी बघतच होते.

"चला," मी म्हटलं. "पोचले ते."

किनाऱ्याला लागलो तोवर उजेड उतरला होता. ह्यांना उठताच येईना. दोनदा प्रयत्न केला आणि खाली बसले. मी पाण्यात उतरून पाठ वळवली.

"लोक बघतील."

"बघू देत. मेली ती लाज. धरा मला."

केवढा गडी होता हा! आता पोत्याएवढंही वजन नाही. मला रडूच आलं. गुडघाभर पाण्यात दोन पावलं टाकली आणि कमरेला खोचलेला फोन वाजायला लागला. माझे दोन्ही हात ह्यांच्या पायांखाली. पाठीवरूनच ह्यांनी हात घालून तो काढला आणि माझ्या कानाला लावला.

पलीकडे नातू भडाभडा बोलत होता. सगळं तिकडचं. मला अक्षर कळेना. मधूनच एक ओळखीचा शब्द मात्र येत होता, आमच्यासारखं तिकडेही आजीला तेच म्हणतात.

"गोगो? गोगो?"

"हो रे बाळा, गोगोच," मी म्हटलं. "बोल तू."

तो बोलत राहिला. ह्यांना पाठीवर घेऊन मी तशीच पाण्यात उभी राहिले, त्याचं बोलून होईपर्यंत.