नावावरची शेळी

रेश्माला धाकट्या जावेचं, प्रियंकाचं, काहीच खुपत नव्हतं. तिचा गोरा रंगही नाही आणि बोरमाळही नाही. खुपत होती ती जावेची चौदा वर्षांची पोर, अंकिता. पैसा कसा राखावा हे अंकिताकडून शिकावं, असं सगळी भावकी म्हणायची आणि रेश्माच्या पोटात दुखायचं.

झालं होतं असं. नातेपुत्याजवळच्या वस्तीवर सासूबाईंनी, गोजरबाईंनी, अंकिताला एक शेळी अर्धलीनं दिली होती. म्हणजे शेळी आजीची, सांभाळ नातीचा आणि होतील ती करडं निम्मी-निम्मी. पोरीनं आपल्या वाट्याची करडं विकून सायकल घेतली, उरलेले पोस्टात टाकले. इकडे सोलापुरात रेश्माचा शिवराज त्याच वयाचा. त्याला महिन्याचे पैसे खर्चायला मिळायचे आणि ते आठवडाभरात वडापावात जिरायचे.

दिवाळीला वस्तीवर गेल्यावर रेश्मा सासूशी भांडलीच. "आत्या, शिवराज तुमचा नातू न्हाई का?"

"हाय की. त्यालाबी देते अर्धलीनं. सुट्टीला यिऊन सांभाळंल."

"अर्धलीनं नको. माझा लेक काय दुसऱ्याची शेरडं राखणार? द्यायची तर त्याच्या नावावर द्या."

गोजरबाईंनी पान थुंकलं आणि एक काळी शेळी शिवराजला देऊन टाकली. शेळी राहिली वस्तीवर, तिला पाला घालायची अंकिता. पण मालक शिवराज! रेश्मानं सोलापुरात आल्या आल्या शेजारच्या केराबाईंना ते दोनदा सांगितलं.

सुट्टी संपली त्याच आठवड्यात शिवराजच्या कानात नवेकोरे इयरफोन आले. "साठवून घेतले," तो म्हणाला. ज्याच्या खिशात दमडी टिकत नाही त्यानं साठवले कधी, हे विचारायचं सोडून आईनं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, 'शिवराजची स्वतःची बचत'. प्रियंकानं नुसता अंगठा पाठवला. जळली असणार, म्हणून रेश्मा दिवसभर खूश.

फाल्गुनात काळी शेळी व्याली. दोन करडं झाली. ती पाला खायला लागल्याचं कळताच रेश्मानं नवऱ्याला गाडी काढायला लावली. दोन्ही करडं परसात वाढवायची, विकायची आणि शिवराजला गिअरची सायकल घ्यायची. अंकिताच्या सायकलला गिअर नव्हते.

वस्तीवर पोचल्यावर ती पाणीसुद्धा न पिता गोठ्यात गेली. "शिवराज, दोन्ही गाडीत घाल."

"आदी लेकाला इचार की, कुणाची हायत," गोजरबाई म्हणाल्या.

शिवराज चपलेकडं बघत होता. "शेळी माझी नाही, आई. विकली."

"कुणाला?"

"मला, मोठी आई," अंकिता म्हणाली. "दिवाळीतच. मी म्हणलं, नगं इकू, गाभण हाय. पर त्याला इयरफोन पायजे हुतं."

"आत्या, तुमाला ठाऊक होतं?"

"मीच मदी हुते. अर्धलीची असती तर इकता आली असती व्हय त्याला? तूच म्हनलीस, नावावर द्या."

रेश्माच्या अंगाची लाही झाली. शेळी अंकिताची, करडं अंकिताची, शहाणपणही पुन्हा तिचंच. तिनं लेकाकडं पाहिलं. तो त्या करडांकडं बघत होता, अगदी आईच्याच जळक्या नजरेनं. तिला ते बघवेना.

"अंकिता," तो हळूच म्हणाला, "एक दे की मला. पैसे नाहीत. अर्धलीनं दे."

"इकणार न्हाईस?"

"नाही."

"रोज पाला तूच आणायचा. मोठी आई न्हाई."

"व्हय."

परतीच्या वाटेवर करडू रेश्माच्या मांडीवर होतं आणि तिचा पदर चघळत होतं. जे तोऱ्यात आणायचं ठरवलं होतं, ते आता जावेच्या पोरीच्या मेहेरबानीनं येत होतं.

गाडी दारात थांबली तशी केराबाई पुढं आल्या. "आली का शिवराजची शेळी?"

रेश्मानं तोंड उघडलं, पण शिवराजच आधी बोलला. "माझी नाही, काकू. अंकिताची. मी सांभाळायला आणलीय."

ऐकून रेश्माचा जीव जळला. तिनं करडाच्या तोंडातून पदर सोडवला आणि ते लेकाच्या हातात दिलं.

"आत सावलीत बांध," ती म्हणाली. "लोकाचं हाय."