मयत पिल्लांचं दूध

परळच्या एका सरकारी प्रयोगशाळेत लवू जनावरांची देखभाल करायचा. छप्पन सालच्या जानेवारीत गिनीपिगची एक मादी तीन पिल्लं देऊन मेली आणि त्याच दुपारी बातमी आली, उद्यापासून हरताळ. डॉक्टरसाहेबांनी पिंजऱ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं, आणि शिवाजी पार्कला घरी वेळेत पोचायचं असल्यामुळे शास्त्रीय निर्णय दिला, "जगायची नाहीत. फेकून दे."

"होय साहेब," म्हणून लवूने पिल्लं जेवणाच्या डब्यात घातली आणि झाकण अर्धं उघडं ठेवून लालबागला चाळीत आणली.

शेवंतीने नवऱ्याचा डबा उघडला. "कधी जन्मली?"

"सकाळी."

"दातांसकट? आपल्या झिलाक आठ महिने लागले."

"हरताळ संपला की परत नेईन. तोवर दर दोन तासांनी दूध पाजायचं. निम्मं पाणी घालून."

पाणी गवळ्याने आधीच घातलं होतं.

शेजारच्या कमळाबाई न बोलावता आल्या. अर्ध्या चाळीची बाळंतपणं त्यांनी केली होती, त्यामुळे त्यांना कुणी विचारायची गरज नसे. येताना पितळेचं बोंडलं आणलं होतं. त्यांनी पाय पसरले, पिल्लाला पायांवर उताणं घेतलं, हातपाय दाबून धरले आणि चाळीतल्या प्रत्येक पोराला पाजलं तसं दूध ओतलं. चाळीतली पोरं त्यातूनही वाचली होती. पिल्लाच्या नाकातून दूध आलं आणि तासाभरात ते गेलं.

"रडलं असतं तर कळलं असतं गो," कमळाबाई म्हणाल्या. पण घरी गेल्या नाहीत.

शेवंतीने बोंडलं धुऊन परत त्यांच्या हातात दिलं. देवापुढच्या वातींची पुडी काढली, एक वात दुधात बुडवली, दुसरं पिल्लू मुठीत उभं धरलं आणि वात त्याच्या ओठांच्या कोपऱ्याला लावली. पिल्लाने विचार केला. मग चोखलं.

"देवाला काय लावणार?" लवूने विचारलं.

"देव दोन दिवस थांबतो. हे थांबत नाही."

पाजून झालं की ओल्या फडक्याने शेपटीच्या जागी पुसावं लागतं, नाहीतर पिल्लांना शी होत नाही, असं लवूने सांगितलं. हे खातं कमळाबाईंनी आपणहून घेतलं. खाली घोषणा चालल्या, पोलीस आले, अश्रुधुराचा वास जिन्यावर चढला. शेवंतीने खिडकी लावली, टोपलीवर ओलं लुगडं टाकलं आणि डोळे पुसत पुढची वात बुडवली.

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "परत नेल्यावर ह्यांचं काय करतात?"

"मोठी झाली की सुई टोचतात. मग बघतात, मरतात का."

वेळ झाली तशी तिने दोघांना पाजलं.

हरताळ संपला तोवर पिल्लं कोबीचं पान कुरतडत होती. लवूने ती डब्यातून साहेबांपुढे नेली. साहेबांनी रजिस्टर उघडलं. "इथे 'तिन्ही मयत' लिहिलंय. रिपोर्ट वर गेला. मेलेली जनावरं मी परत कशी घेऊ?"

"जिवंत आहेत, साहेब."

"ते तुझं म्हणणं झालं."

"होय साहेब," म्हणून लवूने झाकण अर्धं लावलं आणि तसाच घरी आला.

शेवंती दारातच होती. "घेतली नाहीत?"

"कागदावर मेलीत."

"मग आत या लवकर," तिने डबा हातातून घेतला. "दुधाची वेळ टळून गेली."