ज्वारीतली पुस्तकं

“शेषा, पुस्तकं पालथी नको टाकू. ज्वारीत का असंना, नीट ठेव.”

“माय, आता नीट काय घेऊन बसलीस? सायेब स्टँडवर उतरला म्हणं.” शेषेरावाने उरलेली चार पुस्तकं कोठीत खुपसली आणि वरून ज्वारी ओढली. भिंतीवरचा क्रूस सकाळीच निघाला होता. त्या जागी खताच्या दुकानाचं कॅलेंडर लागलं होतं.

दानम्मा चौकटीला टेकून बघत राहिली. तीस वर्षं हीच पुस्तकं पिशवीत घालून ती अहमदपूरच्या बाजारात फिरली होती. जग एकीकडे ओढत असताना येशूच्या माणसानं कसं राहावं, सोयरिकीत काय करावं, हसणाऱ्याला काय सांगावं, असलं सगळं त्यांत होतं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करता करता एका नर्सकडून अक्षरं शिकली. तेव्हापासून तिने कागदावर कधी अंगठा उठवला नव्हता. बँकेत असो की नातीच्या शाळेत, वाकडंतिकडं ‘दानम्मा’ लिहायची आणि मागे उभ्या बायांकडे वळून बघायची.

दर रविवारी पाच-सहा बाया घरी जमायच्या आणि ती त्यांना वाचून दाखवायची. त्यातल्या एका पुस्तकाचं तिसरं प्रकरण तिचं लाडकं होतं: चारचौघांत प्रभूला नाकारू नये. मुलीच्या सोयरिकीत शेजारच्या तुळजाबाईने गळ्यातला क्रूस पदराआड घेतला, तेव्हा दानम्माने तिला बायांच्या देखत सोलून काढलं होतं. “पावनं आले की देव पदराखाली, गेले की वर! देव हाय का चोरीचं डोरलं?” तुळजाबाई सहा महिने फिरकली नव्हती.

आणि आता ही जया. नातीला विष्णुपुरीला इंजिनिअरिंगची राखीव जागा मिळाली होती. आज्याच्या शाळेच्या दाखल्यापासून हे घर कागदावर हिंदूच होतं. ख्रिस्ती ठरलं की सवलत जाणार, सवलतीबरोबर जागाही जाणार. त्याचीच आज जातपडताळणीची चौकशी होती.

“आज्जी, तू फकस्त गप बस. बाकी पप्पा बोलतेत.”

“माझं तोंड आजवर कुणी धरलंय गं?”

“म्हणूनच सांगून राहिले.”

साहेब भला निघाला. चपला बाहेर काढल्या, चहा घेतला, दोन-चार गोष्टी विचारून लिहून घेतल्या. बाजेवर सरकून बसताना त्याने उशी बाजूला केली आणि खालून तेच तिसऱ्या प्रकरणाचं पुस्तक निघालं. दानम्माची ते रोज उशाला घेऊन झोपायची सवय. कोठी भरताना ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

“हे कुणाचं?”

शेषेरावाची नजर आईकडे गेली, तसा साहेबही तिच्याकडे वळला.

“आजी, तुम्ही वाचता हे?”

दानम्माने नातीकडे पाहिलं. मग डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

“मला कुठं वाचता येतंय साहेब? आडाणी बाई मी. स्टँडवर पडलं हुतं, चूल पेटवाया आणलं.”

“चर्चला जाता?”

“न्हाई.”

“घरात कुणी?”

“कुणीच न्हाई.”

साहेबाने लिहून घेतलं. “बरं. इथं अंगठा द्या.”

तिचा हात पेनाकडे गेला होता. तो तिने आखडता घेतला. साहेबाने शाईचा पॅड पुढे केला, तिने अंगठा टेकवला आणि पुसायला फडकं शोधू लागली.

“ह्यालाच पुसा की.” साहेबाने पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं. “चुलीतच जायचंय ना.”

तिने पुसला.

रविवारी बाया दार लोटून बसल्या. जयाचा पडताळणीचा कागद हाती येईस्तोवर कॅलेंडर राहू दे, असं शेषेराव म्हणाला होता. तुळजाबाईही आली होती. दानम्माने कोठीतून पुस्तकं काढली, तेव्हा पानांतून ज्वारी गळत होती. उशाचं पुस्तक तिने तुळजाबाईपुढे सरकवलं.

“मी? अक्का, मला धड जमतंय का? तूच वाच.”

“मला वाचता येत न्हाई.”

बाया खळखळून हसल्या. दानम्मा हसली नाही, तसं त्यांचंही हसू विरलं. तुळजाबाईने तिसरं प्रकरण काढलं आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत चालली. पानाच्या मध्यावर ती अडली. तिथे शाईचा निळा डाग होता.

“हितलं दिसंना, अक्का. काय लिवलंय?”

ती ओळ दानम्माला पाठ होती. ती खाली वाकून, सांडलेली ज्वारी एकेक दाणा करून वेचत राहिली.