ए लस्कर

बंडूनं चहाची बशी खाली ठेवली आणि सखुबाईला फारसी शिकवायला घेतली.

शिवडीच्या कोळीवाड्यात हा उद्योग आजवर कुणी केला नसावा. पण त्याला गिरगावातून खास त्यासाठीच आणलं होतं. त्याचा दोस्त धर्मा बोटीवर खलाशी. धर्माला सखुबाईची शकू हवी होती, शकूला धर्मा. सुपारी, अडकित्ता, सगळं पाटावर मांडलेलं. अडलं होतं एका शब्दावर. बोटीवरचे गोरे आपल्या खलाशांना 'लस्कर' म्हणत, आणि त्या शिवीच्या घरात पोरगी देणार नाही, असं सखुबाईनं सांगून टाकलं होतं.

"शकूचा बाप बी बोटीवरच व्हता," ती म्हणाली. "घरात जेवत असला नि बाहेरून कोनी 'लस्कर' बोल्ला, का खरकट्या हातानं उबा राहायचा. मरेपर्यंत."

बंडू कॉलेजात इंग्रजी घेऊन बसला होता आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांत ओरडून घसा बसवून आला होता. कशालाच बिचकत नव्हता. त्यानं सांगितलं, ही शिवी नव्हेच. मूळ फारसी लष्कर, म्हणजे फौज. तो शब्द पोर्तुगीजांनी उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी, आणि बोटीवर नेऊन खलाशाला चिकटवला.

गेल्या वर्षी गोळीबार झाला तेव्हा सखुबाई मासळीची पाटी घेऊन गिरगावातच होती. तिनं अडकित्ता उचलून फळीवर ठेवला.

"गोळ्या घालनाऱ्यांत पोरगी नाय देनार."

बंडूनं घाईघाईनं फौज मागे घेतली. लढणारे नव्हेत हो, फौजेचं सामान वाहणारे.

"म्हंजे हमाल," म्हणत तिनं सुपारीही उचलली.

धर्मानं त्याला चिमटा काढला. पण बंडू थांबणाऱ्यातला नव्हता.

"मावशी, हा शब्द म्हणजे आपल्या बाजूचा माल. त्यांनी नेला. मुंबईसारखाच तोही परत घ्यायचा."

"मंग घे तू," सखुबाई म्हणाली आणि आत गेली.

दोघे उठले. मान खाली घालून धर्मा वाळत घातलेल्या जाळ्यांपर्यंत पोचला, मागोमाग बंडू. तोच पाठीमागून हाक आली, खास कोळणीची, पार धक्क्यापर्यंत जाणारी.

"ए लस्कर!"

बंडू गर्रकन वळला.

धर्मा चालतच राहिला.

सखुबाई उंबऱ्यात उभी होती. एका हातात सुपारी, दुसऱ्यात अडकित्ता.

"धर्मा," ती हळूच म्हणाली.

तो वळला.

"ये, बस. आनि तुज्या त्या लस्कराला सांग, चपला विसरून चाललाय."