शर्यतीचं रिव्हॉल्व्हर

ब्रिजिट टीचरच्या उजव्या हाताची बोटं त्या हिवाळ्यात पार आखडली. जिथे खडू धरवत नव्हता, तिथे शर्यत सोडायच्या रिव्हॉल्व्हरचा चाप कुठला ओढवणार! पण अकरा वर्षं बहारीनमधल्या त्या शाळेची प्रत्येक शर्यत तिनेच सोडलेली. मार्चमध्ये व्हिसा रिन्यू व्हायचा होता, आणि हात गेलेल्या पीटी टीचरला कोण ठेवून घेतो? तिने कुणाला कळू दिलं नव्हतं.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या सामसूम शाळेत, तिने हरिदासभाऊंना बोलावून घेतलं. ते जवळच्या जिदहफ्स गावात राहायचे, वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्याआधी देशात शस्त्रांच्या कारखान्यात बारा वर्षं काढलेली. शाळेत सगळ्यात जोरात पळणारी त्यांची मुलगी श्रावस्तीही मागोमाग आली आणि स्टोअररूमच्या पायरीवर बसली.

हरिदासभाऊंनी मासे तोलायचा ताणकाटा चापाला अडकवून ओढला.

"साडेपाच किलो! टीचर, हे पिस्तूल आहे का विहिरीचा रहाट?"

"घोडा आधी मागे ओढून ठेवला तर?"

"त्याची खाच झिजलीय. नुसत्या धक्क्याने सुटेल. ते नको."

त्यांनी आतलं वाळलेलं तेल खरवडलं, जिथे लोखंडावर लोखंड घासत होतं तिथे हलक्या हाताने पॉलिश केलं. काटा चारवर आला. चोवीस आवाजी काडतुसं उडवली, चोवीस वाजली. ब्रिजिटने ओढून पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

"आणखी हलकं करा, भाऊ."

"मग स्प्रिंगच कमजोर घालावी लागेल. ह्या काडतुसाचा मसाला बुडाच्या कडेत असतो. घाव जोरात बसला तरच पेटतो. हलका चाप म्हणजे हलका घाव."

तरी त्यांनी घालून पाहिली. तीन किलो. तेवीस वाजली आणि एकदा नुसतं 'खट्' झालं.

"पप्पा, वन डिडन्ट गो!" पायरीवरून श्रावस्ती म्हणाली.

"खलास. जुनीच बसवतो."

ब्रिजिटने त्यांचं मनगट धरलं. "भाऊ, हात जोडते म्हणावं, तर तेही नीट जुळत नाहीत आता."

हरिदासभाऊ त्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी जुनी स्प्रिंग खिशात टाकली.

क्रीडादिनी सकाळच्या सहा शर्यती बिनबोभाट सुटल्या. सातवी शर्यत मुलींची फायनल. पहिल्याच खेपेला श्रावस्ती उतावळेपणाने आधी सुटली. एक चूक माफ, दुसरीला बाद. मुली पुन्हा रेषेवर वाकल्या. ब्रिजिटने चाप ओढला.

खट्.

सात मुली जागच्या जागी राहिल्या. चौथ्या लेनमधली श्रावस्ती मात्र त्या आवाजावर सुसाट निघाली.

पलीकडच्या टोकाला निशाण घेऊन मुख्याध्यापक कॉर्नेलियससर उभे होते. त्यांना बार ऐकू आला नव्हता, दिसली ती फक्त पळणारी मुलगी. "लेन फोर, आउट!"

"टीचर, आय हर्ड इट!" श्रावस्ती रडवेली झाली. बाकीच्या हसल्या. "काय ऐकलं गं? भूत?"

कुंपणापाशी हरिदासभाऊ उभे होते. एक शब्द बोलले असते तर लेक वाचली असती. ते बोलले नाहीत, ब्रिजिटकडे बघत राहिले. तिनेही तोंडात मूग धरून ठेवले असते, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

ती शंभर मीटर चालत गेली.

"सर, मुलगी खरं बोलतेय. चाप ओढला होता, काडतूस पेटलं नाही. स्प्रिंग मी बदलून घेतलीय."

"का?"

तिने रिव्हॉल्व्हर त्यांच्या हाती दिलं आणि आपला पंजा उघडला, उघडेल तेवढा. कॉर्नेलियससर त्या आखडलेल्या बोटांवर वाकले. मग एवढंच म्हणाले, "आता रेस कोण सोडणार?"

हरिदासभाऊंनी बरोबर आणलेली जुनी स्प्रिंग तिथेच बसवली. 'ऑन युअर मार्क्स' ब्रिजिटने पुकारलं, चाप कॉर्नेलियससरांनी ओढला, दात आवळून.

बार खणखणीत वाजला. श्रावस्ती सगळ्यांच्या मागून सुटली. नक्की वाजला ना, याची तिने खात्री करून घेतली होती. ती तिसरी आली.

मार्चमधल्या व्हिसाबद्दल त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही. ब्रिजिटने जमिनीवरची रिकामी काडतुसं डाव्या हाताने एकेक करून वेचली. न पेटलेलं एक निघालं. त्याच्या कडेवर घोड्याची जेमतेम दिसेल अशी खूण होती.