पानाचं टोक

खण्ण. मातीत निजलेलो असताना फार वर्षांपूर्वी ऐकलेला तो आवाज मला अजून आठवतो. माझ्या शेजारच्या दगडावर खुरपं आपटलं होतं. मी कळलावीचा कंद बोलतोय, ईट गावाच्या वरच्या माळावरचा.

खुरपं सकिनाबीचं होतं. औषधाची मुळं शोधत ती तरणीताठी बाई डोंगर पालथा घालायची. तिनं माझं पान बोटावर घेतलं. वेलाच्या तणाव्यासारखं त्याचं टोक वळलेलं. तिनं पुन्हा माती लोटली. "विषारी हाय. असू दे बिचारा," एवढंच म्हणाली.

श्रावणात माझी लाल-पिवळी फुलं पेटली, की माणसं आपोआप लांबून जातात. फुलाआधी मात्र मी गवतात गवतासारखाच. तेव्हा माझी ओळख फक्त पानाच्या टोकात.

यंदा नाकतोड्यांनी माळ कुरतडला. माझ्या एकाही पानाला टोक उरलं नाही. कळ्या हिरव्या, मिटलेल्या. अशातच बलभीम कुदळ घेऊन आला. त्याची आई हरणाबाई गुडघ्यांमुळं जागची हलत नव्हती. त्यानं माझा फोटो काढला. फोन म्हणाला, मुसळी, दुखण्यावरचं औषधी मूळ.

सकिनाबी जवळच गवत कापत होती. आता तिला मोतीबिंदूनं सगळं धुरकट दिसतं. त्यानं विचारलं, तशी तिनं पान चाचपलं. टोकाशी येऊन बोटं थांबली.

"टोक खाल्लंय रे. कसं सांगू? चार दिवस थांब, फूल येऊ दे."

"चार दिवस आईनं कण्हत बसायचं का, चाची? तुमच्यापेक्षा फोनला बरं दिसतंय."

"दिसतंय व्हय. हात लावून बघता येतं का त्याला?"

तो हसला. कुदळ पडली. माझा एक फाटा त्यानं उपरण्यात बांधून नेला. दुसरा दगडाखाली राहिला, तोच मी. ओरडायला मला तोंड नाही. होता नव्हता तो जीव मी कळ्यांत ढकलला. पण कळीला चार दिवस लागतात ते लागतातच.

चौथ्या दिवशी फुलं उमलली. त्याच दिवशी गवत कापणाऱ्या बाया बोलत होत्या, हरणाबाई ओकून ओकून गेली, पोट बिघडलं असेल.

माणसांनो, मला उपटा, जाळा, पण आधी नीट ओळखा. तेवढे चार दिवस मला द्या.

दहा-बारा दिवसांनी बलभीम वर आला. डोक्याचे केस काढलेले. माझ्यासमोर उभा राहिला, हलेना. पायांची चाहूल ओळखून सकिनाबीनं विळा खाली ठेवला.

"बलभीमा, फूल आलं का रे? लाल-पिवळं तर न्हाय ना?"

तो फुलांकडं बघत राहिला. मग उतारानं खाली निघून गेला.