सात चौदाची गाडी

नियंत्रकाने शिट्टी ओठांना लावली आणि पुन्हा खाली घेतली. सात वाजून आठ मिनिटे झाली होती. सरकारी बस इंजिन घरघरवत उभी होती, आत एकही प्रवासी नाही. तिच्यामागे दहा पावलांवर नव्या कंपनीची निळी बस. तीही रिकामीच. रस्त्यापलीकडे इस्पितळाचे फाटक अजून बंद होते.

निळ्या बसच्या खिडकीतून त्याच्या मेहुण्याने डोके बाहेर काढले. गेल्या महिन्यापर्यंत तो याच आगारात, याच सरकारी गाडीवर चालक होता.

"दाजी, सकाळी सकाळी घाम कसला फुटलाय?"

"तू आपली काच पूस."

"पुसलीये. ताईला सांगा, रविवारी जेवायला येतोय. तुम्ही रागावला नसाल तर."

वाहतूक खात्याची निरीक्षकबाई घड्याळ हातात धरून दोन्ही बसच्या मधोमध उभी होती. या मार्गावर स्पर्धा हवी, असे सरकारने ठरवले होते. आजपासून पंधरा दिवस दोन्ही बस धावणार. जी वेळेवर सुटेल आणि जास्त माणसे नेईल, तिला मार्ग मिळणार. सुटण्याच्या वेळा आधीच लेखी मागवल्या होत्या, आता बदल नाही. आगार व्यवस्थापकाने नियंत्रकाच्या रजिस्टरवरून डोळे झाकून सात दहा लिहून दिले होते. कंपनीने मेहुण्याला विचारून सात चौदा.

रात्रपाळी सातला सुटे, पण पुढच्या पाळीला वॉर्ड ताब्यात देऊन बायका बाहेर पडेपर्यंत तेरा मिनिटे होत. म्हणून ही बस एकोणीस वर्षे सात चौदाला सुटत आली होती, आणि एकोणीस वर्षे नियंत्रक रजिस्टरात वेळापत्रकातली छापील वेळ, सात दहा, लिहीत आला होता. कुणाचे काही अडले नव्हते.

सात दहा. सरकारी बसचा चालक खिडकीतून खाली वाकला.

"काय करू? बाया येतीलच एवढ्यात."

"तुमचं रजिस्टर पाहिलं मी," निरीक्षकबाई म्हणाली. "एकोणीस वर्षांत एका मिनिटाचाही फरक नाही. कमाल आहे हं तुमची."

नियंत्रकाने तिच्याकडे पाहिले, मग फाटकाकडे. शिट्टी वाजली. चालकाने मान हलवली आणि रिकामी बस वळणावर दिसेनाशी झाली. नियंत्रकाने रजिस्टर उघडून सात दहा लिहिले. त्या रकान्यात एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच खरी वेळ पडली होती.

फाटक उघडले. बायका पिशव्या सावरत, घाईघाईने रस्ता ओलांडून आल्या. सर्वांत पुढे थोराड आयाबाई.

"अगंबाई, आपली गाडी गेली? भाऊ, कधी नव्हे ते आज असं कसं केलंत?"

"मावशी, हीच आपली," मेहुणा दार उघडत म्हणाला. "चढा निवांत."

निरीक्षकबाई दाराशी उभी राहून डोकी मोजत होती. एकतीस. शेवटची परिचारिका पायरीवर चढली. सात चौदा झाले.

नियंत्रकाने शिट्टी फुंकली.

ती वाजल्यावर त्याने हातातल्या शिट्टीकडे पाहिले. मेहुण्याने आरशातून त्याच्याकडे एकदा बघितले, नेहमीसारखा हात वर केला आणि बस सोडली.